वाचकांचे प्रश्न : खेळाडूंना मोकळीक द्यायची तर तयारी कशाची करायची?

टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणजे टेबलाभोवती बसून बोलत खेळायची गोष्ट: प्रत्येक खेळाडू एका पात्राची, म्हणजे ‘कॅरेक्टर’ची, भूमिका घेतो, बाकीचं जग गेम मास्टर सांभाळतो, आणि एका बैठकीला सेशन म्हणतात. त्याबद्दल या वेळी आलेली बहुतेक पत्रं गेम मास्टर म्हणून खेळ चालवणाऱ्यांची आहेत. अडचण फिरून फिरून तीच: खेळाडूंना मोकळं सोडलं की खेळ भरकटतो, आवरून धरलं की ते कंटाळतात. लांब पत्रं आम्ही थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी दर सेशनसाठी दहा-बारा पानं लिहिते. पहिला प्रसंग, दुसरा प्रसंग, शेवटची लढाई. गेल्या वेळी खाणीत उतरून मजुरांना मारणाऱ्या प्राण्याचा शोध घ्यायचा होता. खेळाडूंनी खाणीत जायलाच नकार दिला आणि थेट खाणमालकाशी हातमिळवणी केली. अर्ध्या तासात सगळी पानं बाद. आता काहीच न लिहिता बसावं का?

तसं करू नका. कोरी वही घेऊन बसणारा गेम मास्टर ऐन वेळी अडला की सवयीचीच गोष्ट पुढे रेटतो, आणि खेळाडूंचे हात पुन्हा बांधलेच जातात. तुमची पानं बाद झाली, कारण त्यांत घडणाऱ्या घटना लिहिलेल्या होत्या. ‘खेळाडू बोगद्यात शिरतात, त्यांना पाऊलखुणा दिसतात, ते मागावर जातात’ या वाक्यांचा कर्ता बघा. निर्णय त्यांचे, आणि ते तुम्ही आठवडाभर आधी घेऊन ठेवलेत. म्हणून पहिलं काम हे करा: तयारीच्या वहीत ज्या ज्या वाक्याचा कर्ता खेळाडू आहे, ते वाक्य खोडून टाका. उरेल ते कामाचं.

त्या जागी काय लिहायचं? तुमचीच खाण घेऊ. या खाणीत ज्यांचं काही ना काही अडकलंय अशा तीन बाजू काढा आणि प्रत्येकीला चार ओळी द्या: काय हवंय, हाताशी काय आहे, भीती कशाची, आणि कोणी आडवं आलं नाही तर पुढचं पाऊल कोणतं.

खाणमालकाला महिनाअखेरीस ठरलेली चांदी पोचवायची आहे. त्याच्याकडे पैसा आणि बारा भाडोत्री शिपाई आहेत, भीती सावकाराची आहे, आणि पुढचं पाऊल म्हणजे परमुलखातले मजूर आणून तळाचा बंद बोगदा फोडायचा. मजुरांना मेलेल्या तिघांची प्रेतं वर आणायची आहेत. त्यांच्याकडे माणसं आहेत आणि प्रत्येक बोगद्याची खडान्‌खडा माहिती, भीती उपासमारीची, आणि ऐकलं नाही तर ते पाणी उपसणारा रहाट बंद पाडणार. तळाशी जे जागं झालंय त्याला शांतता हवी आहे. अंधार त्याच्या बाजूने आहे, लोखंडाच्या आवाजाने ते बिथरतं, आणि खणणं थांबलं नाही तर ते एक थर वर येणार.

आता खेळाडू मालकाला जाऊन मिळाले तर काय बिघडलं? मजुरांना ते शत्रू वाटतील, बंद बोगदा फोडायचं काम त्यांच्याच गळ्यात येईल, आणि तळाचा प्राणी जिथे होता तिथेच आहे. एक ओळही फुकट जात नाही.

‘पुढचं पाऊल’ वहीतच पडून राहू नये म्हणून एक गोल काढून त्याची सहा घरं करा; याला घड्याळ म्हणू. खेळातला एक दिवस गेला किंवा खेळाडूंचा एखादा बेत गाजावाजा होऊन फसला, की एक घर भरा. सहा घरं भरली की ते पाऊल पडतं. एका सेशनमध्ये फुटायच्या संकटाला चार घरं पुरतात, बरेच आठवडे चालणाऱ्या कारस्थानाला आठ लागतात. इथे एक चूक हमखास होते. गेम मास्टर हे घड्याळ गुपचूप भरतो आणि एके दिवशी खाण कोसळते. खेळाडूंच्या दृष्टीने ती आभाळातून पडलेली आपत्ती असते, त्यांना मध्ये पडायची संधी मिळालेलीच नसते. दर दोन घरांमागे गावात काहीतरी दिसलं किंवा ऐकू आलं पाहिजे: विहिरीचं पाणी गढूळ होतं, मग रात्री जमिनीखालून खरवडल्यासारखा आवाज येतो.

तीन तासांच्या सेशनला एवढी तयारी पुरते: तीन बाजू, सहा नावानिशी माणसं (प्रत्येकाची एक लकब आणि एक गरज), चार जागा, प्रत्येक जागेत हाताळता येतील अशा तीन वस्तू, आणि दहा सुटी नावं. सगळं मिळून दोन पानं. सुट्या नावांना क्षुल्लक समजू नका. खेळाडू तबेल्यातल्या पोऱ्याशी बोलायला जातात, नाव विचारतात, तुम्ही अडखळता. त्यांना तेवढ्यावरून कळतं की हा पोऱ्या ‘गोष्टीत नाही’, आणि ते निमूट परत फिरतात. तुम्ही नको म्हटलेलं नसतं, तरी वाट बंद झालेली असते.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि विचारा, ‘पुढच्या वेळी काय करायचा बेत आहे?’ त्या उत्तरावर पुढची दोन पानं लिहा. मोकळीक देऊनही तयारी आवाक्यात ठेवायचा याहून सोपा उपाय नाही.

प्रश्न : मी उलट बाजूचा. ‘जग तुमच्यासमोर आहे, हवं ते करा’ असं सांगतो, आणि पाचही जण गप्प. शेवटी कोणीतरी म्हणतं, ‘तूच सांग काय करायचं.’

ते गप्प बसतात कारण ठरवायला त्यांच्या हातात काही नाही. जगाबद्दल तुम्हाला सगळं माहीत आहे, त्यांना तुम्ही बोललात तेवढंच. माहितीशिवाय निवड म्हणजे नाणेफेक, आणि नाणेफेकीत कोणाचं मन रमत नाही. मोकळीक वाढवायची असेल तर आधी माहिती वाढवा.

‘वाट दोन ठिकाणी फुटते. डावीकडे की उजवीकडे?’ हे एक वर्णन. आता हे बघा: ‘डावी वाट नदीकाठाने जाते. चिखल आहे, दोन दिवस लागतील, पण गाड्यांच्या ताज्या चाकोऱ्या दिसताहेत, म्हणजे माणसांची ये-जा आहे. उजवी खिंडीतून जाते. उद्या संध्याकाळी पोचाल, पण मघाशी भेटलेल्या मेंढपाळाने तिथे सलग तीन रात्री शेकोट्या पाहिल्यात, आणि त्या वाटेने यंदा कोणी मेंढ्या नेलेल्या नाहीत.’ आता टेबलावर वाद सुरू होईल. वेळ, धोका आणि फायदा या तिन्हींपैकी निदान दोन बाबतींत वाटा वेगळ्या हव्यात, आणि कोणतीही एक वाट सगळ्याच बाबतींत सरस नको, नाहीतर निवडण्यासारखं काही उरत नाही.

सुरुवातीला असे तीन धागे समोर ठेवा. त्यांतल्या एकाला मुदत असू द्या, एखादा कोणत्या तरी कॅरेक्टरच्या घरच्या माणसाशी जोडा. तीनच का? दोन असले की ‘हे की ते’ एवढंच होतं, पाच-सहा झाले की निम्मे लक्षात राहत नाहीत. प्रश्नही सगळ्यांना मिळून विचारू नका. ‘तुम्ही काय करता?’ याचं उत्तर देणं कोणाचंच काम नसतं. एका खेळाडूकडे वळून तिच्या कॅरेक्टरचं नाव घ्या: ‘रहाट थांबलाय, सगळे मजूर तुझ्याकडे बघताहेत. तू काय करतेस?’

ज्यांना कॉम्प्युटर गेमची सवय आहे ते नकळत पर्यायांची यादी दिसायची वाट पाहतात. पहिली दोन-तीन सेशनं त्यांना ती द्या, आणि दर वेळी शेवटी जोडा, ‘किंवा तुला सुचेल ते.’ यादीबाहेरची पहिली कल्पना कोणी मांडली की तिला खेळात खरंच वजन द्या. त्यानंतर यादीची गरज आपोआप कमी होते.

प्रश्न : खेळाडू कोणत्याही वाटेने गेले तरी मी तयार केलेला राक्षस तिथेच आणून ठेवतो. त्यांना कळत नाही. मग बिघडलं कुठे?

त्यांनी काय जाणून वाट निवडली त्यावर आहे. खिंडीत लुटारू आहेत हे ऐकून ते मुद्दाम दोन दिवसांचा चिखल तुडवत नदीकाठाने निघाले, आणि तुम्ही तेच लुटारू नदीकाठी उभे केलेत, तर त्यांनी मोजलेली किंमत तुम्ही खिशात घातलीत. हे करू नका. पण वाटांबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं आणि पडकी धर्मशाळा तुम्ही त्यांच्या वाटेवर ठेवलीत, तर ती नुसती कामाची बचत आहे.

तरीही याची सवय लावून घेऊ नये असं आमचं ठाम मत आहे. ‘त्यांना कळत नाही’ हे सहा महिने खरं असतं. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की काहीही केलं तरी तेच होतं, आणि त्या दिवसापासून ते विचार करणं सोडतात. गेलेला विश्वास परत आणायला फार वेळ लागतो.

तुमचा राक्षस तुम्हाला प्रिय असेल तर तो कुठे राहतो हे पक्कं करा आणि त्याच्या खुणा चारही दिशांना पसरा: ओरबाडलेली झाडं, घाबरलेला फेरीवाला, त्याच्या दाताची विक्री. टाळायचा की गाठायचा हे खेळाडू ठरवतील. वाटेतल्या भेटींसाठी तक्ता करा आणि समोरच्याचा कल फाशांवर सोडा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळाच्या १९७४ च्या पहिल्या आवृत्तीतही दोन फासे टाकून प्रतिसाद ठरवायची सोय होती. त्याच धर्तीवर सहा बाजूंचे दोन फासे टाका. २ आले तर थेट हल्ला, ३ ते ५ वैरभाव, ६ ते ८ साशंक, ९ ते ११ बोलायला तयार, १२ आले तर आपणहून मदत. शक्यता ३६ पैकी अनुक्रमे १, ९, १६, ९ आणि १. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा समोरचा थांबून बघतो, आणि बोलायचं, पळायचं की लढायचं हे खेळाडूंच्या हाती राहतं. भेट झाली की लढाईच, ही सवय मोडायला हा तक्ता फार उपयोगी आहे.

फासेही उघड्यावर टाका. दान वाईट पडेल म्हणून लपवावंसं वाटत असेल, तर लढाईआधीच ठरवून ठेवा की हरल्यावर मरणाखेरीज काय होऊ शकतं: कैद, लूट, ओलीस, मानहानी.

प्रश्न : नियमात नसलेली कल्पना कोणी काढली की मी गोंधळतो. ‘रहाट तोडून बोगद्यात पाणी सोडतो, शिपाई वाहून जातील’ असं एकाने सांगितलं. मी नाही म्हटलं आणि तो हिरमुसला. प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचं का?

नाही. पण उत्तर द्यायच्या आधी एक प्रश्न विचारायची सवय लावा: ‘यातून नेमकं काय व्हावं असं तुला वाटतंय?’ पुष्कळदा त्याला शिपाई मारायचे नसतात, दारावरून हटवायचे असतात. हेतू कळला की वाट निघते.

मग तीन गोष्टी मनात पडताळा. या जगात हे शक्य आहे का? फसलं तर काही मनोरंजक घडेल का? यशाचीही किंमत आहे का? शक्य आहे आणि फसण्यात काहीच मजा नाही, तर फासा न टाकता होऊ द्या. शक्य नसेल तर स्पष्ट सांगा आणि कारणही द्या: ‘रहाट ओकाच्या लाकडाचा आहे, एका कुऱ्हाडीने तासभर लागेल. मजुरांपैकी कोणी त्याची खीळ कुठे आहे ते दाखवलं तर क्षणात निघेल.’ हा नकार असला तरी त्यातून पुढचा बेत निघतो. अशक्य गोष्टीसाठी फासा मात्र टाकायला लावू नका. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडल्यावर ‘तरी होत नाही’ म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

फासा टाकायचा ठरला तर आकडा आणि परिणाम दोन्ही आधी सांगा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या मोजमापात १० म्हणजे सोपं, १५ मध्यम, २० कठीण. दानात ३ मिळवता येणाऱ्या (+३) कॅरेक्टरला १५ गाठायला फाशावर १२ किंवा जास्त हवेत, म्हणजे यशाची शक्यता ४५ टक्के. ‘पंधरा लागतील. जमलं तर शिपाई धावत रहाटाकडे येतील. फसलं तर खीळ तुटेल आणि पाणी तुमच्याच बाजूला वळेल.’ हे ऐकल्यावर ज्याला माघार घ्यायची त्याने घ्यावी. जाणूनबुजून घेतलेला धोका फसला तरी खेळाडू रुसत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी चांगल्या चांगल्यांकडून निसटते. तोंडाने हो म्हणायचं आणि फाशांनी नाही म्हणवून घ्यायचं. चौघांना पहारेकऱ्यांच्या नजरेआडून जायचंय. प्रत्येकाच्या यशाची शक्यता ६५ टक्के, म्हणजे बरी आहे. पण चौघांनीही जिंकलंच पाहिजे असा नियम लावलात तर सगळे निसटण्याची शक्यता जेमतेम १८ टक्के उरते. दाराशी, अंगणात, जिन्यावर अशी पुन्हा पुन्हा दानं मागितलीत तर तीही जाते. मग खेळाडू शिकतात की लपून काही साधत नाही, तलवारच काढावी. गटाचं काम असेल तर एकदाच फासे टाकायला लावा आणि निम्म्यांना जमलं तर सगळ्यांना जमलं असं धरा. त्याच चौघांची शक्यता ८७ टक्क्यांवर जाते.

प्रश्न : रहस्यकथा चालवताना खेळाडूंना एकच महत्त्वाचा पुरावा सापडला नाही आणि सगळं ठप्प झालं.

एक पुरावा म्हणजे एकच दार, आणि तेही कुलूपबंद. खेळाडूंना जो निष्कर्ष काढायला हवा त्याच्याकडे नेणाऱ्या तीन खुणा ठेवा, तिन्ही वेगळ्या जातीच्या: एक माणसाच्या तोंडून, एक जागेवर, एक कागदात. प्रत्येक खूण सापडण्याची शक्यता निम्मी धरली तर एकावर भिस्त ठेवून ५० टक्के, तीन असल्यावर निदान एक सापडण्याची शक्यता साडेसत्त्याऐंशी टक्के. आणि मूळ पुराव्यासाठी फासा मागूच नका. योग्य जागी शोधलं की तो मिळावा. फासा जादा तपशिलासाठी ठेवा: रक्त सापडतंच, चांगलं दान पडलं तर ते कालचं की आजचं हेही कळतं.

प्रश्न : मुख्य खलनायकाला पहिल्याच भेटीत बाण मारून संपवलं. त्याला कसं वाचवायला हवं होतं?

वाचवायचं नाही. मेला तर मेला. त्याची बाजू अजून उभी आहे: त्याची गादी कोण घेणार, त्याचं कर्ज कोण फेडणार, त्याच्या धाकाने गप्प बसलेले आता काय करतील? पुढच्या वेळी ज्याला गमवायची तुमची तयारी नाही, त्याला बाणाच्या टप्प्यात आणू नका. त्याचं पत्र येऊ दे, दूत येऊ दे, त्याने जाळलेलं गाव दिसू दे.

प्रश्न : आमच्यातला एक जण सोबत्यांच्याच वस्तू चोरतो, तह मोडतो, आणि विचारलं की म्हणतो, ‘माझं कॅरेक्टर असंच वागेल. तुम्हीच म्हणालात ना, मोकळीक आहे?’

कॅरेक्टर त्यानेच लिहिलंय, तेव्हा ते कसं वागेल हेही तोच ठरवतो. ही गोष्ट त्याला एकट्याला, खेळाच्या बाहेर आणि शांतपणे सांगा. खेळातल्या शिक्षेने, म्हणजे पहारेकरी मागे लावून किंवा शाप देऊन, हे सुटत नाही. त्याला ती आपल्या कथेची रंगत वाटते आणि तो आणखी चेकाळतो.

मोकळीक टेबलावरच्या प्रत्येकाची असते. ज्याची वस्तू चोरली गेली त्याची निवडही तेवढीच मोलाची. म्हणून एक नियम आधीच ठरवा: एका खेळाडूच्या कॅरेक्टरने दुसऱ्याच्या कॅरेक्टरवर हात उचलला किंवा चोरी केली, तर ते जमलं की नाही हे ज्याच्यावर गुदरतंय तो खेळाडू सांगणार. हा नियम असल्यावर असले प्रकार बहुतेक बंद होतात, आणि जे उरतात ते दोघांच्या संमतीने होतात व बघायला मजा येते.

हे आणि असंच बाकीचं पहिल्या सेशनआधी अर्धा-पाऊण तास बसून बोलून घ्या. खेळाचा सूर कसा, कॅरेक्टर मरू शकतात का, कोणते विषय अजिबात नकोत, कोणते असले तरी पडद्याआड राहावेत. एका कार्डावर फुली मारून ते टेबलाच्या मधोमध ठेवा. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. थांबता येतं हे माहीत असलं की माणसं जास्त धीटपणे खेळतात.

प्रश्न : गट फुटला, दोघे इकडे आणि तिघे तिकडे गेले, तर जाऊ द्यावं का?

जरूर. फक्त एका बाजूला पाच ते आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका, आणि दृश्य तोडायचं ते निर्णयाच्या क्षणी: ‘दार उघडतं, आत मालक एकटाच बसलाय. विचार करून ठेवा, तोवर बोगद्यात काय चाललंय ते बघू.’ बाजूला बसलेल्यांच्या हाती शिपायांची किंवा मजुरांची भूमिका द्या, म्हणजे ते नुसते बघे राहत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे एकच संध्याकाळ असते, जेमतेम चार तास. एवढ्यात मोकळीक देऊन खेळ पुरा कसा करायचा?

उद्देश तुम्ही ठरवा आणि ते आमंत्रण देतानाच सांगून टाका: ‘ही गोष्ट खाणीत अडकलेल्या तिघांना वर काढण्याची आहे. तुमचं कॅरेक्टर खाली का उतरतंय ते ठरवून या.’ जायचं की नाही हा प्रश्न असा खेळाआधीच, सगळ्यांच्या संमतीने मिटतो, आणि यात फसवणूक काही नाही. सुरुवात खाणीच्या तोंडाशी करा, गावातल्या चौकशीत पाऊण तास घालवू नका. उतरायच्या तीन वाटा द्या: मुख्य उभा बोगदा, रहाटाने पाणी उपसायची वाट, आणि मजुरांनाच ठाऊक असलेली जुनी फट. प्रत्येकीचा धोका आधी कळू द्या. सहा घरांचं घड्याळ टेबलावर उघडं ठेवा, पाणी चढतंय असं समजून, आणि दर अर्ध्या तासाला एक घर भरा. तीन तासांत ते भरतं. उरलेल्या तासात पहिली काही मिनिटं ओळखीला जातात, बाकीचा वेळ वर आलेल्यांचं, आणि न आलेल्यांचं, काय झालं ते खेळायला राहतो.